बिननावाची फाईल

सोमवार, २ डिसेंबर २०२४

लागले बाई एकदाची कामाला! नामपूरहून पहाटेची एसटी पकडली, नाशिकला जुन्या सीबीएस स्टँडवर उतरले आणि अकरा वाजता भद्रकालीत खाजाभाईंच्या दुकानाच्या जिन्यावर हजर. जिना इतका अरुंद की आधी बॅग वर ढकलली आणि मग स्वतःला. खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या खळीचा वास वरपर्यंत येतो. मला आवडला.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढे काउंटर, मागे तीन कॉम्प्युटर, दोन व्हीसीआर आणि छतापर्यंत लग्नांच्या कॅसेटी. खाजाभाई साठीचे, दाढीला मेंदी, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. एके काळी नाशिकमधली अर्धी लग्नं आपणच शूट केली असं सांगतात. आता शूटिंग बंद. लोक जुन्या कॅसेटी, व्हीसीड्या, मोबाइलची कार्डं घेऊन येतात आणि म्हणतात, आमच्या फोनवर चालेल असं करून द्या. ते मी करायचं. त्यांना चाचा म्हणायचं ठरलं, ते मला बेटा म्हणतात. त्यांच्या बायकोचं नाव बेगम, म्हणून बेगमचाची. दुपारी चहा घेऊन आल्या, हसल्या, माझ्या गालाला हात लावला आणि एक शब्द न बोलता गेल्या. इतकी अबोल बाई मी जन्मात बघितली नाही, आणि आमच्याकडे माय!

माय म्हणजे भागीबाई, नामपूरच्या कांदा मार्केटात कांदा निवडते. तिनं एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाचा ट्रॅक्टरवाला ब्रेक मारतो. संध्याकाळी सातला तिचा फोन आलाच. आधी तिचं ते रोजचं अहिराणीतलं, जेवनी का, म्हणजे जेवलीस का. मग खोली कशी शे, पंचवटीतल्या घरमालकीणबाई कशा शेत, पाणी किती वाजता येतं. पाऊण तास. कान गरम झाला पण बरं वाटलं. सुनीलनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, मागून ओरडून विचारलं की नोकरीवरून काढलं का अजून. त्याचा मार्केटात मोबाइल दुरुस्तीचा गाळा आहे, तेवढ्यावर उडतो.

बुधवार, ४ डिसेंबर

फाईल म्हणजे डबा, असं मी समजते. आत भाजीपोळीच, पण कुणाचं झाकण फिरकीचं, कुणाचं दाबाचं, कुणाचं गंजून बसलेलं. लग्नाच्या व्हीसीडीत डॅट, डीव्हीडीत व्हीओबी, जुन्या मोबाइलचा व्हिडिओ थ्रीजीपी, आणि त्याच मोबाइलवर कुणाचं बोलणं टेप केलं असेल तर एएमआर. नवे फोन यातलं अर्धं बघून तोंड वाकडं करतात. मग ते काढून एमपीफोरमध्ये नाहीतर एमपीथ्रीमध्ये भरायचं. झालं माझं काम.

दोन कॉम्प्युटर चांगले आहेत. तिसरा कोपऱ्यातला, जाड्या मॉनिटरचा, पिवळा पडलेला. मला वाटलं भंगार. पण त्यात एक प्लेअर आहे, करडी खिडकी, वर नावबिव काही नाही. चाचांना वीस वर्षांपूर्वी कुणीतरी सीडीवर आणून दिलेला. तो काहीही वाजवतो, अक्षरशः काहीही. मी मुद्दाम एका फाईलीचं शेपूट उडवलं, डॅट नाही, एव्हीआय नाही, नुसतं नाव ठेवलं. वाजवली! अर्धी तुटलेली दिली, तीही वाजवली. दुसऱ्या कुठल्याच मशीनवर ती उघडेना. म्हणून अवघड मालाचं कन्व्हर्टिंग त्याच्यावरच होतं.

चाचांचा एक नियम मात्र डोकं उठवणारा आहे. नवीन फाईल तयार झाली की हेडफोन लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. पुढे ओढायची नाही. तीन तासांचं लग्न असेल तर तीन तास. त्यांचं म्हणणं असं, की फाईल लहान करताना मशीन थोडा आवाज टाकून देतं, ज्याच्याकडे माणसाचं लक्ष जाणार नाही असा. हे खरंच आहे, सटाण्याच्या क्लासमध्ये आम्हाला शिकवलेलं. पण चाचा म्हणतात, कुणी ऐकतच नाहीये असं त्याला कळलं की ते जास्त टाकतं. मी विचारलं, त्याला म्हणजे कुणाला, मशीनला? तर म्हणाले, काम कर बेटा.

शनिवार, ७ डिसेंबर

आज दिंडोरीहून हिरामण म्हणून एक द्राक्षवाले आले, बरोबर त्यांचे वडील रावजीबाबा. हिरामण यांच्या लग्नाची व्हीसीडी, २००३ सालची, भलती लांब. जाताना खाली रिक्षा मिळेना, तर बाबांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारली की अख्खी गल्ली थांबली. खालचा पुस्तकवाला सुई टोचून घेऊन ओरडला. मी पोट धरून हसले. हिरामण म्हणाले, आमचा म्हातारा बागेत या टोकाला शिटी मारतो आणि त्या टोकाची फवारणी बंद होते.

आणि मग बसले त्यांचं लग्न बघत. देवा! ज्यांच्या लग्नाचं आपल्याला आमंत्रण नव्हतं त्यांच्या पंगती किती बघायच्या? चाळीस मिनिटं बसले. चाचा बाहेर गेले होते. मग केलं ते, जे या धंद्यात सगळे करतात. तीन ठिकाणी टोचून बघितलं, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. चित्र ठीक, आवाज ठीक, पाठवून दिली. चाचांनी आल्यावर विचारलं, पूरा सुना ना? मी म्हटलं, पूर्ण. माझा स्वभावच असा आहे, एका जागी ढिम्म बसवत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

चाचा मालेगावला मुलीकडे गेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, दहा-बारा दिवस लागतील. दुकान माझ्या ताब्यात! बेगमचाची वरच्या मजल्यावर राहतात, चहा तेवढा देतात.

जुन्या मशीनला मी आज नेट लावलं. चाचांनी का लावलं नव्हतं देव जाणे, पेनड्राइव्ह घेऊन इकडून तिकडे नाचावं लागायचं. आता फाईल झाली की तिथूनच थेट गिऱ्हाइकाला. एका दिवसात नऊ कामं उडवली, सगळी टोचून.

त्यातलं एक अफरीनचं होतं. ओझरच्या कारखान्यात नोकरीला आहे, माझ्याच वयाची. हॉस्टेलमधल्या मैत्रिणींचे थ्रीजीपी व्हिडिओ घेऊन आली होती. काउंटरवर एक लावून दाखवला, त्यात ती हसतेय, आणि ते बघून ती इथे हसायला लागली. अशी हसते की समोरच्याला कारण माहीत नसताना हसू फुटतं. आमची दहा मिनिटांत गट्टी जमली.

सगळ्यात शेवटी माझं स्वतःचं काम. सुनीलच्या जुन्या फोनच्या कार्डावर मायच्या फोनच्या अकरा फाईली आहेत, एएमआर. मी सटाण्याला हॉस्टेलला होते तेव्हाचे फोन, आपोआप टेप झालेले. माय शिव्या घालतेय, भाव सांगतेय, मीना मीना करतेय. एमपीथ्री करून तिला पाठवल्या. तिचं तर बोलणं, रोज ऐकते, आणखी काय ऐकायचं? त्याही टोचूनच बघितल्या.

गुरुवार, १२ डिसेंबर

हिरामण यांचा फोन. व्हिडिओ छान आहे म्हणाले, पण एका जागी गडबड आहे. वरातीत बाबा बँडवाल्यांना थांबवायला शिटी मारतात, ती शिटीच नाही. बोटं तोंडात, गाल फुगलेले, बँड एकदम थांबतो, पण शिटी नाही. मी म्हटलं, मूळ सीडी लावून बघा. त्यांनी लावली होती. तिच्यातही नाही, आणि आधी होती असं घरातले सगळे सांगतात.

सीडी घासली असेल, असं मी ठोकून दिलं. फोन ठेवता ठेवता ते हसत म्हणाले की गंमत बघा, म्हाताऱ्यालाही शनिवारपासून शिटी येत नाय. बोटं घालतो, नुसती हवा जाते. वय झालं, दुसरं काय.

मला हसू आलं नाही. पण कामं पडली होती, विसरून गेले.

शनिवार, १४ डिसेंबर

अफरीन आली होती. तिनं माझ्यासमोरच फोनवर व्हिडिओ लावला. मैत्रिणी बोलतायत, भांडं पडल्याचा आवाज येतोय, पंखा घरघरतोय. अफरीनचं तोंड उघडं, खांदे हलतायत, डोळ्यांत पाणी. आणि आवाज नाही. बाकीचं सगळं ऐकू येतंय, फक्त तिचं हसू जिथे असायला हवं तिथे काहीच नाही.

मी चेष्टेत काहीतरी बोलले, वातावरण हलकं व्हावं म्हणून. तिनं तोंड उघडलं. तसंच, व्हिडिओतल्यासारखं. खांदे हलले. मग तिनं तोंडावर हात ठेवला आणि सांगितलं की मंगळवारपासून असं होतंय, शिंक यावी आणि अडकावी तसं. दोन डॉक्टरांना दाखवलं. सांगताना ती रडायला लागली. रडण्याला आवाज होता.

मंगळवार. मंगळवारी मी तिची फाईल टोचून बघितली.

ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसले. रावजीबाबा शनिवारी, अफरीन मंगळवारी. आणि मंगळवारी मी आणखी कुणाच्या फाईली केल्या ते मला आठवत होतं, पण मनात आणायचं नव्हतं.

रविवार, १५ डिसेंबर

सात वाजता मायचा फोन. घसा बसलाय म्हणाली. कुजबुजल्यासारखी बोलत होती. जेवनी का विचारलं नाही. दोन मिनिटांत फोन ठेवला.

माय दोन मिनिटांत फोन ठेवत नाही. कधीच नाही. मी खोलीत बसून रडले. घरमालकीणबाई विचारायला आल्या, त्यांना काय सांगणार?

सोमवार, १६ डिसेंबर

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कार्ड लावलं आणि मायच्या अकराही फाईली मूळच्या, शेवटपर्यंत ऐकल्या. एकदाही पुढे ओढलं नाही. मी बोलतेय. थांबतेय. हो म्हणतेय, हसतेय, परत थांबतेय. ज्या जागी मी थांबते तिथे माय हवी. अकरा फाईलींत मी एकटीच कुणाशी तरी बोलतेय.

मग त्या करड्या प्लेअरमध्ये शोधलं. अलीकडे वाजवलेल्या फाईलींची यादी असते, तिच्या तळाला एक ओळ रिकामी होती. नाव नाही, शेपूट नाही. साइझ शून्य. लांबी मात्र तीन मिनिटं आठ सेकंद.

वाजवली. आधी रावजीबाबांची शिटी. स्वच्छ, आत्ता खाली गल्लीत मारल्यासारखी. मग अफरीनचं हसू. मग माय. जेवनी का. मग शांतता, आणि शांततेत कुणीतरी श्वास घेतंय.

मग परत शिटी, पण यावेळी चुकलेली, हवा जास्त. परत. परत. मग हसू, वेड्यासारखं, उलटसुलट, श्वास भलत्याच जागी. मग जेवनी का, जेवनी का, जेवनी का, दर वेळी थोडं अधिक बरोबर.

कुणीतरी सराव करतंय.

हेडफोन फेकला आणि मशीन बंद केलं. ते बंद असतानाही मी त्याच्याकडे पाठ करून बसू शकले नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

सुनीलचा फोन. मायचा आवाज पूर्ण गेला. कुजबूजसुद्धा नाही. मालेगावच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं, घसा ठणठणीत आहे म्हणाला. सुनीलच्या बोलण्यात चेष्टेचा लवलेश नव्हता, तेव्हाच मला धडकी भरली. त्यानं फोन मायच्या कानाला लावला. मी माय माय करत राहिले. पलीकडे बांगड्या वाजल्या तेवढ्या.

चाचांना फोन करून सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. पलीकडे त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले की गुन्हा माझा आहे, तुला धड सांगायला हवं होतं, पण कोण विश्वास ठेवतं?

त्यांची मुलगी सात वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगची कॅसेट त्यांनी त्या मशीनवर भरली आणि घाईत पुढे ओढली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी मुकी. चाचांनी मशीन फोडायला घेतलं तर बेगमचाचींनी हात धरला, पोरीचा आवाज त्यातच आहे म्हणून. मग एका दुपारी त्या मशीनसमोर बसल्या, माइकवर स्वतःचा आवाज भरला, त्याची फाईल केली आणि कुणालाही ऐकू दिली नाही. संध्याकाळी पोरगी बोलायला लागली. बेगमचाची त्यानंतर बोलल्या नाहीत.

एक घेतलं की एक सोडतं, ज्याच्यासाठी दिलं त्याचं, असं चाचा म्हणाले. आणि लगेच म्हणाले, तू काही करू नको, मी शनिवारी येतो. कसम घातली. मशीनला हात लावू नको.

गुरुवार, १९ डिसेंबर

सुनीलनं सांगितलं, माय काल कुणाचं न ऐकता कामावर गेली. मागे ट्रॉली येत होती, तिच्याबरोबर कांदा निवडणारी कुसाबाई ढिगाजवळ पाठमोरी. मायनं बघितलं. ओरडायला तोंड उघडलं. कुसाबाईच्या पायावरून चाक गेलं.

माय तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवत नाही. पाणीही नाही.

मी मशीन चालू केलं. त्या बिननावाच्या फाईलीची लांबी आता अकरा मिनिटं. आता ते मीना म्हणायला शिकतंय. आधी नुसतं मी. मग मीन. मग मायसारखं, शेवट लांबवून. इतकं सारखं की माझ्या तोंडून ओ निघून गेला.

पलीकडचा श्वास थांबला. ओ ऐकल्यासारखा.

शुक्रवार, २० डिसेंबर

ठरलं. चाचांनी कसम घातली असली तरी. माय आज तिसरा दिवस उपाशी आहे, शनिवारपर्यंत कशाला थांबू? माझ्यामुळे झालं, मीच भरणार. भीती वाटते. खूप वाटते. पण मुक्या मुलीला नोकरी करता येते, लिहिता येतं, मेसेज करता येतो. मायला आवाजाशिवाय जगता येत नाही.

दुपारी दोनला माइक लावला. काय बोलायचं ते सुचेना. सहा मिनिटं बोलले. नामपूरपर्यंतचे थांबे म्हटले, सुनीलला शिव्या घातल्या, पाढे म्हटले, अफरीनची माफी मागितली. शेवटी मायला सांगितलं की घरी येते. फाईल केली. ऐकली नाही. हेडफोन टेबलावर ठेवला आणि खाली पुस्तकवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

चहाच्या वेळी चाचींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. माझे दोन्ही हात धरून मान हलवत राहिल्या, नाही, नाही, नाही. मी त्यांना म्हटलं, साखर कमी टाकत जा चाची. तेव्हा आवाज होता. नंतर घरी जाताना पुलावर गाडीवाल्यानं आरसा माझ्या खांद्याला घासला, त्याला झापायला तोंड उघडलं, आणि —

शनिवार, २१ डिसेंबर

सकाळी साडेनऊ. दुकान.

मायचा फोन! माय! तोच आवाज, खणखणीत. भाकरी खाल्ली, कुसाबाईला बघून आली, घसा आपोआप सुटना, म्हणजे सुटला, म्हणाली. मी रडत होते, नुसतं पाणी, आवाज नाही. ती म्हणत होती, बोल ना मीना, ऐकू येस का? बोल ना.

फोन कापणारच होते. सुनीलला मेसेज करणार होते, की माझा घसा बसलाय.

कोपऱ्यातलं मशीन मी चालू केलं नव्हतं. हेडफोन टेबलावर उलटा पडला होता. त्यातून माझा आवाज आला. हो माय, ऐकू येतंय.

माय खूश झाली. ती दोघं बोलायला लागली. मी काय खाल्लं, खोली कशी आहे. माझ्यासारखं. माझ्यापेक्षा गोड. माय म्हणाली तुझी लय आठवण येस. ते म्हणालं, निघालेच मी, येतेच घरी.

फोन कापला. बंद केला. मशीनची वायर भिंतीतून उपटली.

हेडफोनमध्ये माय अजून हसत होती.

अकरा वाजता.

चाचा आले, डोळ्यावर पट्टी. कागदावर सगळं लिहिलं, त्यांनी दुसऱ्या डोळ्याजवळ धरून वाचलं. मग नेटची तार हातात घेतली आणि जमिनीवर बसले. बेगमचा आवाज इतकी वर्षं आतच राहिला, त्याला बाहेर वाट नव्हती, एवढंच म्हणाले. बेगमचाची दारात उभ्या होत्या.

मी निघाले. सुनीलला मेसेज केला — मी फोनवर बोलले नाही, मायला सांग, कुणालाही —

त्याचं उत्तर, ताई सकाळी सकाळी काय लावलंय, आत्ताच तर बोललीस.

१२.४० पिंपळगाव.

गाडी भरलेली. कंडक्टरला बोटानं दाखवलं, लिहून दिलं नामपूर. सुनीलला नऊ मेसेज. एकही बघितला नाही.

१.३० चांदवड.

बघितले. लिहितो, ताई चेष्टा पुरे, तू केव्हाच पोचलीस ना? घरावरून गेलो, दार लोटलेलं, तुझा आणि मायचा आवाज येत होता. गाळ्यावर गिऱ्हाईक होतं म्हणून आत आलो नाही.

मी लिहिलं, फोन असेल. माय फोनवर बोलत असेल, स्पीकर —

तो म्हणतो, मायचा फोन माझ्याकडे आहे. काच बदलायला सकाळीच आणलाय.

१.५५

मी फोटो पाठवला. खिडकी, रस्ता, माझं तोंड. लिहिलं — मी गाडीत आहे. मी इथे आहे. घरी जा. लोकं घेऊन जा. एकटा —

दोन निळ्या खुणा.

२.१५ देवळा.

शेजारची बाई विचारतेय काय झालं. तोंड उघडते. काही येत नाही. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

सटाणा अजून वीस मिनिटं. मग नामपूर. पोचेन तेव्हा मायला काय — मी तर बोलू शकत —

२.२१

सुनीलची व्हॉइस नोट आली. चौदा सेकंदांची. कानाला लावली.

त्याच्या चपला. तो धापा टाकतोय. दार. आत मायचं बोलणं, मध्येच हसणं. मग सुनील म्हणतो, ताई? आणि माझा आवाज म्हणतो, ये, बस ना. सुनीलच्या चपला थांबतात. मग हळू म्हणतो, माय, तू कुणाशी बोलतेस, इथे तर —

एवढ्यात माय मध्ये बोलते. नाही. माय नाही. मायच्या आवाजात, पण श्वास भलत्याच जागी —

अजून दोन सेकंद उरलेत, मी पुन्हा लाव